आपत्तीनंतर ‘एकच प्रवक्ता, एकच आकडा’? साफ नामंजूर

गिरणगावकर:
काल इथे एकाने लिहिलं की दुर्घटना घडली की सरकारने एकच प्रवक्ता नेमावा, एकच आकडा द्यावा आणि वेगळं बोलणाऱ्यावर सरळ गुन्हा दाखल करावा. खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिले दोन दिवस माहिती उलटसुलट येणारच. हॉस्पिटल दाखल झालेले मोजतं, पोलीस पंचनामा झालेले मोजतात. जखमीला एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात हलवलं की तो दोन्हीकडे चढतो. यात लपवण्यासारखं काय आहे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३ च्या आसपास. दोन्ही आकडे खरे! त्यातला कुलाब्याचा तेवढा ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून सांगितला असता तर कलिन्यात गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं होतं?

जून २०२० आठवा. एका दिवसात मुंबईच्या कोरोना मृत्यूंत ८६२ ची भर पडली. जुन्या नोंदींची जुळवणी केली म्हणे. जुळवणी करावी लागते, मान्य. पण तोवर रोज संध्याकाळी अपुरा आकडा छातीठोकपणे सांगितला गेला, त्यामुळे सुधारलेला आकडा आला तेव्हा लोकांना तीही लपवाछपवीच वाटली. आकड्यासोबत वेळ द्या, कोणी मोजला ते लिहा, काय मोजायचं राहिलंय ते लिहा. एवढीच मागणी आहे.

पार्ल्याची_माई:
२६ जुलै सांगितलात, २८ जुलै सोयीस्कर विसरलात. धरण फुटलं, सुनामी आली अशी आवई उठली आणि जुहूच्या नेहरूनगरात चेंगराचेंगरीत माणसं मेली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई त्या रात्री पोराला काखेत मारून अनवाणी धावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तळपायातल्या काचा मी स्वतः काढल्यात. त्या गर्दीला ‘अजून तपासतोय’ सांगून चाललं असतं? आणि २६/११ ला टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बघून पलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना सूचना देत होते, ते कोणाच्या कृपेने?

गिरणगावकर:
माई, धरण शाबूत असताना ‘शाबूत आहे’ असं ठणकावून सांगायला माझी ना कुठे आहे? कमांडोंच्या हालचाली दाखवू नयेत हेही कबूल. पण मुद्दाम घबराट पसरवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद आहेच. आणखी काय हवंय? केंद्राने २०२३ मध्ये स्वतःविषयीच्या बातम्या खऱ्या की खोट्या हे ठरवायला स्वतःचंच फॅक्ट चेक युनिट आणायचा नियम केला. आपल्याच उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला, तो उगाच नाही.

दादरकर७२:
कायदे राहू द्या. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोट झाले, तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवारांनी दूरदर्शनवरून मुस्लिमबहुल मस्जिद बंदरलाही स्फोट झाल्याचं सांगितलं. झाला नव्हता. मुद्दाम सांगितलं, हे पुढे त्यांनीच जाहीरपणे कबूल केलं. जानेवारीची दंगल ताजी होती, स्फोटांत २५७ माणसं गेली, तरी शहर पुन्हा पेटलं नाही. त्या दिवशी तुमच्यासारखा नियमाने आकडा देणारा मुख्यमंत्री असता तर?

माहीम_कॉजवे:
शहर त्या खोट्यामुळे पेटलं नाही, हे कशावरून? माझ्या मामांचं मस्जिद बंदरला दुकान होतं. टीव्हीवर ते ऐकलं आणि आई जमिनीवरच बसली. शेजाऱ्यांचा फोन आमच्या दारात आणून रात्रभर नंबर फिरवत होती, लाइन लागत नव्हती. मामा सकाळी घरी आले, धडधाकट. आमच्या गल्लीत शांतता राहिली ती हिंदू-मुसलमान दोन्हीकडची म्हातारी माणसं जिन्यात बसून राहिली म्हणून. त्यांचं नाव कोणी घेत नाही.

दादरकर७२:
एका घराची एक रात्र आणि अख्खं शहर, यात तुम्ही काय निवडाल?

माहीम_कॉजवे:
‘एक रात्र’ म्हणायची हिंमत कशी होते तुमची? तुमच्या आईवर ती वेळ आली नाही म्हणून बोलताय.

दादरकर७२:
माझ्या आईवर काय वेळ आली ते तुम्हाला ठाऊक नाही. त्या दिवशी वडील शेअर बाजाराच्या इमारतीत होते. आयांना मध्ये आणू नका.

दिवा_लोकल:
तुम्ही १९९३ वर भांडत बसा. मुंब्र्याला ९ जून २०२५ ला लोकलमधून माणसं पडून मेली. रेल्वेने बोट दाखवलं पाठीवरच्या बॅगेकडे, आणि लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीवरून अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. मी रोज त्याच वळणावरून दांडीला लटकून जातो, गाडी कशी हिसका देते ते माझ्या खांद्याला विचारा. एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २०१७ मध्ये २३ जण चेंगरले, तेव्हा रेल्वेच्या चौकशीने खापर पावसावर फोडलं. ज्याच्यावर ठपका यायचा तोच एकमेव प्रवक्ता असेल तर आमच्या बाजूने बोलणार कोण?

पार्ल्याची_माई:
हे मात्र खोडता येत नाही. ठीक आहे, चौकशी तिसऱ्याने करावी. पण आवई उठवणाऱ्याला सोडायचं नाही, यावर मी ठाम आहे.

दादरकर७२:
आकड्यापुढे वेळ लिहायला माझी हरकत नाही. १९९३ बद्दल मात्र माझं मत बदलणार नाही.

माहीम_कॉजवे:
बदलू नका. पण आठवड्याभरात शहर शांत झाल्यावर ‘मस्जिद बंदरला काही झालं नव्हतं’ हे त्याच दूरदर्शनवरून सांगायला कोणाची आडकाठी होती, तेवढं सांगा.