गुडघा बदलायचाय म्हणून मायची भाकर काढू नका

मांजराकाठ (लातूर): परवा इथं एकानं लिहिलं, 'गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय ना? मग म्हातारीची रात्रीची भाकर बंद करा, पंधरा किलो उतरवा, मगच सर्जनकडं जा.' खाली अंगठ्यांची रांग. मला राहवलं नाही.

माझी माय ७१ वर्षांची, वजन ८४ किलो. मागल्या उन्हाळ्यात आम्ही हेच केलं. सकाळी अर्धी भाकर, रात्री पेज. चार महिन्यांत ९ किलो गेलं, घरात सगळे खूश. एक दिवस ती लुगडं पिळायला बसली अन् पाणीच निघंना. पीळ हातातून सुटत होता. पोट होतं तसंच, पिंढऱ्या मात्र वाळलेल्या. तपासणीत फिजिओनं हाताची पकड मोजली, १३ किलो भरली. आशियातल्या बायांना १८ च्या खाली म्हणजे कमजोरी धरतात. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा म्हणले, तर तिसऱ्यांदा बसली ती बसलीच. ऑपरेशनची तारीख पुढं गेली. सार्कोपेनिक ओबेसिटी, म्हणजे अंगावर चरबी जास्त अन् स्नायू झिजलेले, असा शेरा आला. तो आजार वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून लिहितोय.

बीडचा भाचा: म्हणजे वजन उतरवा म्हणणारे सर्जन चुकीचे? जाड माणसाची जखम चिघळायचा धोका जास्त, भूल द्यायला अवघड. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ४० च्या वर असला की कितीतरी सर्जन आधी वजनच उतरवायला लावतात. माझ्या मावशीनं १४ किलो कमी केलं, आज तुळजापूरच्या पायऱ्या उतरती. तुमच्या घरी बिनसलं म्हणून सगळ्यांना भेव घालू नका.

मांजराकाठ: मावशीचं वय काय?

बीडचा भाचा: ५६.

मांजराकाठ: मग ५६ अन् ७१ एका मापात कसं मोजता, दादा?

फिजिओताई (संभाजीनगर): भाचेदादा, जखमेचं तुम्ही खरं बोललात. पण नुसतं उपाशी राहून उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतोच, त्यात स्नायूही जातात. म्हातारपणी वजन परत चढलं तर चरबी येते, स्नायू तेवढे येत नाहीत. नवा गुडघा बसवला तरी पाय उचलायचा मांडीनंच ना? अन् बीएमआयचं म्हणाल तर पुण्याचे मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा फोटो बघा, २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी, दोघांचा बीएमआय २२.३. चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हाताऱ्या माणसाला किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. किडनीचा त्रास असंल तर आधी डॉक्टरला विचारा.

तेरणाकाठचा शेतकरी: प्रोटीन कुठून आणायचं ते बी सांगा. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅम असतं, पिकवतो आम्ही. मिलमध्ये तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते अन् आमची माय पातळ वरण पिते. २०२५ च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, अडतीवर मला ४,१०० मिळाले.

बीडचा भाचा: भावाचं दुसरीकडं काढा, इथं गुडघ्याचं चाललंय.

तेरणाकाठचा शेतकरी: गुडघे गेले कशानं? चाळीस वर्षं उकिडवं बसून खुरपलं माझ्या मायनं. तुमच्या मावशीनं किती खुरपलं?

बीडचा भाचा: मावशीवर जायचं काम नाही.

नांदेडची सून: सोयाबीन दळून बघितलं आम्ही. भाकरीला वास मारतो, सासूबाईंनी ताट सरकवलं.

तेरणाकाठचा शेतकरी: कच्चं दळलं असंल. आधी उकळा, वाळवा, भाजा, मग दहा किलो गव्हात एक किलो घाला. कच्चं पोटाला बाधतंय.

फिजिओताई: अंडीही चालतील की.

नांदेडची सून: सासूबाई माळकरी आहेत, ताई. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं येणार नाही, अन् ते मी त्यांना सांगणारही नाही.

फिजिओताई: चुकलं माझं. मग दही, फुटाणे, शेंगदाण्याचं कूट, घट्ट वरण. अन् दिवसातून तीनदा खुर्चीतून ऊठबस, आधी हात टेकून चालेल. आणखी एक सांगा, गावात कुणी सांधेदुखीची सुई देतं का? दोन दिवस माणूस पळतं, मग परत तेच? त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पोटावर अन् तोंडावर चरबी चढते, मांड्या झिजतात.

बीडचा भाचा: माझ्या आईला दोन वर्षं महिन्याला एक सुई चालू आहे. तोंड सुजलंय, पाय काड्या झालेत. वजन वाढलं म्हणून आम्ही तिचंच जेवण कमी केलं.

फिजिओताई: दादा, स्वतःहून एकदम बंद करू नका. आधी फिजिशियनला दाखवा, ते औषध हळूहळू कमी करतील.

मांजराकाठ: आमच्या मायनं काल पाच वेळा ऊठबस केली, १९ सेकंदांत. १२ च्या आत यायला पाहिजे. लुगडं अजून मीच पिळतो.

बीडचा भाचा: वजनाचा मुद्दा मी सोडलेला नाही. मावशीचं झालं ते खरंच आहे. पण आईची रात्रीची भाकर आजपासून चालू. ताई, फिजिशियनकडं जाताना सुईची रिकामी बाटली न्यावी का?

फिजिओताई: न्या. बाटली नाही मिळाली तर त्या डॉक्टरकडून चिठ्ठीवर नाव लिहून घ्या. नाही म्हणला तरी सोडू नका.