गिरणीची 10 एचपीची मोटर पुन्हा जळाली. 15 एचपीची घ्यावी का?

चक्कीवाला :

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका गावात आमची पिठाची गिरणी असून गहू-ज्वारीच्या दगडी चक्कीला 10 एचपीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची, तीन फेजची मोटर तीन बी-पट्ट्यांनी (बी मापाच्या व्ही-बेल्टनी) जोडलेली आहे. मोटर वडिलांच्या वेळची आहे. नावपट्टीवर 415 व्होल्ट, 14 अँपिअर, 1440 फेरे आणि डेल्टा जोडणी असे स्पष्ट वाचता येते. स्टार्टर स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर स्टार जोडणीत सुरू करून नंतर डेल्टात नेणारा, आहे. मागच्या पावसाळ्यात मोटर जळाली म्हणून रिवाइंडिंग (तारांची नवी गुंडाळणी) करून घेतले आणि वर्ष उलटण्याआधी ती पुन्हा जळाली. दोन्ही वेळा ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाल्यास मोटर बंद करणारा) पडला नाही, जरी तो नावपट्टीप्रमाणे बरोबर 14 अँपिअरवर लावलेला आहे. शिवाय पुलीच्या बाजूचे बेअरिंग काही महिन्यांत आवाज करू लागते. रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराच्या मते चक्कीचा लोड या मोटरीला झेपत नाही, त्यामुळे 15 एचपीची मोटर बसवावी. मंजूर भार वाढवून घेण्याचा खर्च आणि नव्या मोटरीची किंमत यांचा विचार करता निर्णय घाईने घ्यायचा नाही. जाणकारांनी मत द्यावे.

तांब्याची तार :

रिवाइंडिंग हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आधी एक विचारतो : जळालेले वाइंडिंग अजून स्टेटरमध्येच (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागात) आहे, की काढून टाकले? काढले नसेल तर दोन्ही बाजूंची झाकणे उघडून कॉइलच्या टोकांचा उजेडात फोटो घ्या, कारण मोटर कशाने जळाली याचा जबाब त्या टोकांवरच लिहिलेला असतो. सगळ्या कॉइली सारख्याच काळवंडल्या असतील तर लोड जास्त, व्होल्टेज सतत कमी किंवा हवा अडलेली, यांपैकी काहीतरी असते. एकाच खाचेच्या तोंडाशी तार वितळून बाकीचे वाइंडिंग स्वच्छ असेल, तर इन्सुलेशन तिथे सोलले गेले होते किंवा वार्निश नीट मुरले नव्हते, आणि तो दोष आम्हा कारागिरांचा. परंतु डेल्टा जोडणीच्या मोटरीत एकाच फेजच्या कॉइली कोळशासारख्या काळ्या आणि उरलेल्या दोन फेजच्या कॉइली जवळजवळ मूळ रंगाच्या दिसत असतील, तर चालू मोटरीचा एक फेज गेला होता हे निश्चित समजावे. चार पोलच्या मोटरीत हे काळे पट्टे ठरावीक अंतराने चार ठिकाणी (काही पद्धतीच्या गुंडाळणीत दोनच ठिकाणी) दिसतात. स्टार जोडणीत चित्र उलटे असते : दोन फेज जळतात आणि एक वाचतो. फोटो पाहिल्याशिवाय 15 एचपीचा सल्ला मी तरी देणार नाही.

चक्कीवाला :

सुदैवाने मोटर अजून उघडायला दिलेली नव्हती. झाकण काढल्यावर चार ठिकाणी काळे पट्टे दिसले आणि त्यांच्या मधल्या कॉइलींचे वार्निश अजून तांबूस आहे. शेजारच्या गिरणीतून त्याच ताकदीची मोटर तात्पुरती आणून बसवली आणि क्लँप मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावला. गहू दळताना स्टार्टरमध्ये येणाऱ्या तिन्ही तारांवर 9.5 ते 11 अँपिअरच्या दरम्यान प्रवाह आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास चक्की चालू असताना फेज-फेजमधील व्होल्टेज 396, 410 आणि 382 असे मिळाले. आमच्या डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एखादा फ्यूज पावसाळ्यात अधूनमधून जातो, ही इथली नेहमीचीच तक्रार आहे.

देखभाल विभाग :

तुमच्या आकड्यांवरून लोडचा प्रश्न निकालात निघतो. 14 अँपिअरच्या मोटरीवर दहा-साडेदहा अँपिअर म्हणजे साधारण सत्तर टक्के भार आहे. 15 एचपीची मोटर बसवली तरी एक फेज गेल्यावर रिले गप्प राहिला तर तीही जळू शकेल, फक्त रिवाइंडिंगचे बिल मोठे येईल. त्यातच 11 किलोवॅटची चार पोलची मोटर 160 फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे बॉडीचे ठरलेले माप, पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये) येते, तर तुमची 132 फ्रेमची असणार. त्यामुळे पायांची भोके जुळणार नाहीत, शाफ्टची उंची 28 मिलिमीटरने वाढेल आणि शाफ्टचा व्यास 38 ऐवजी 42 मिलिमीटर झाल्यामुळे पुलीसुद्धा बदलावी लागेल.

खरा दोष मला रिलेच्या सेटिंगमध्ये दिसतो. बाजारातील बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरीला वीज जोडणाऱ्या मुख्य स्विचच्या) पुढे, म्हणजे मोटरीच्या वाइंडिंगला जाणाऱ्या तारांवर बसवलेला असतो. डेल्टात चालताना या तारांमधून लाइनचा पूर्ण प्रवाह जात नाही, तर त्याचा 0.58 पट, म्हणजे वाइंडिंगमधला प्रवाह जातो. म्हणून 14 अँपिअरच्या मोटरीसाठी अशा ठिकाणचा रिले 8.1 अँपिअरवर हवा. तो 14 वर ठेवला तर लाइनवर सुमारे 24 अँपिअर होईपर्यंत त्याच्या दृष्टीने सारे आलबेल असते. आता एक फेज गेल्यावर काय होते ते पाहा. चक्कीचा भार तेवढाच राहत असल्याने उरलेल्या दोन तारांवरील प्रवाह सुमारे 1.73 पट, म्हणजे 10 चा 17 अँपिअर होतो. डेल्टामधील एका फेजवर त्याचा दोन तृतीयांश भाग, साधारण साडेअकरा अँपिअर, आणि इतर दोन फेजवर एक तृतीयांश भाग येतो. त्या एका फेजची क्षमता 8.1 अँपिअर असताना त्यातून साडेअकरा अँपिअर वाहतात आणि 14 वर लावलेला रिले ते निमूटपणे वाहू देतो. तुमच्या स्टेटरमधील काळे पट्टे हेच सांगत आहेत. चक्कीच्या घरघरीत मोटरीचा घुमणारा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ही गोष्ट वास येईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

खात्री करून घेण्यासाठी क्लँप मीटर एकदा स्टार्टरमध्ये येणाऱ्या तारेवर आणि एकदा रिलेच्या पुढच्या तारेवर लावा. पहिल्या ठिकाणी 10 आणि दुसऱ्या ठिकाणी 6 च्या आसपास आकडा आला तर वरील सर्व विवेचन तुमच्या स्टार्टरला लागू आहे. मात्र सध्याच्या रिलेची रेंज 9 ते 14 अशी असेल तर तो 8 वर आणताच येणार नाही. 6 ते 10 रेंजचा आणि एक फेज गेल्यास लवकर पडणारा रिले नवीन घ्यावा लागेल.

व्होल्टेजकडेही लक्ष द्यायला हवे. तुमच्या तीन आकड्यांची सरासरी 396 येते आणि तिच्यापासून सर्वात दूरचा आकडा 14 व्होल्टने हटलेला आहे, म्हणजे असमतोल साडेतीन टक्के झाला. असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट केली की वाइंडिंगची तापवाढ अंदाजे किती टक्क्यांनी वाढते ते कळते. तुमच्या बाबतीत ते उत्तर सुमारे 25 टक्के येते. दर 10 अंश जादा तापमानाला इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते असा ढोबळ नियम आहे, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नये. मोटर बंद ठेवून पुन्हा मोजा. असमतोल तसाच राहिला तर वीज कंपनीकडे लेखी अर्ज करा. मोटर चालू असतानाच तो दिसत असेल तर तुमच्याच मेन स्विचमधला एखादा सैल किंवा करपलेला जोड शोधा.

रानातला पंप :

आम्ही शेतीपंपांना सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेल्यास मोटर बंद करणारे उपकरण, लावतो. रिलेची रेंज पाहत बसण्यापेक्षा तोच लावला तर काम भागेल ना?

देखभाल विभाग :

लावावा, पण प्रवाह ओळखणारा. केवळ व्होल्टेज ओळखणारा प्रिव्हेंटर चालू मोटरीच्या बाबतीत फसू शकतो, कारण एक फेज तुटल्यावरही फिरणारी मोटर त्या तुटलेल्या टोकावर स्वतःच बऱ्यापैकी व्होल्टेज निर्माण करते आणि प्रिव्हेंटरला फेज असल्याचा भास होतो. फ्यूज डीपीवर गेला असेल आणि त्याच डीपीवर इतर मोटरी चालू असतील तर हा भास अधिकच पक्का होतो. व्होल्टेजवाला प्रिव्हेंटर बंद मोटर चुकून सुरू होऊ न देण्यापुरता उपयोगी आहे. आणि प्रिव्हेंटर लावला तरी रिलेचे सेटिंग बरोबर असलेच पाहिजे, कारण दगड दाबून बसणे किंवा बेअरिंग जाम होणे या गोष्टींवर उपाय रिलेच आहे.

फिटर :

बेअरिंगबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. फक्त पुलीच्या बाजूचेच बेअरिंग जात असेल तर बेअरिंगची कंपनी बदलून उपयोग होत नाही. पट्टे किती ताणले आहेत आणि पुली शाफ्टवर कुठे बसवली आहे ते आधी पाहावे. पुली शाफ्टच्या टोकाकडे जितकी सरकलेली, तितका बेअरिंगवरील भार वाढतो, म्हणून ती शाफ्टच्या खांद्याला भिडवून बसवावी. गिरण्यांत पट्टा घसरून किंचाळू लागला की मोटर मागे ओढून बोल्ट आवळण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्या पट्ट्यांना पीठ आणि तेल लागलेले असते किंवा तिन्हींपैकी एकच नवा असतो, आणि नव्या आखूड पट्ट्यावर सगळा ताण येतो. तिन्ही पट्टे एकाच वेळी, एकाच संचातले बदलावेत. दोन पुल्यांमधील मोकळा पट्टा एक मीटर असेल तर मध्यावर अंगठ्याने नेटाने दाबल्यावर तो सुमारे 15 मिलिमीटर खाली जावा. नवे पट्टे पहिल्या दिवसाच्या दळणानंतर थोडे सैल पडतात, तेव्हा ताण पुन्हा एकदा तपासावा.

पुली ठोकून बसवण्याची सवयही घातक आहे. हातोड्याचा प्रत्येक घाव शाफ्टमधून बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि रिंगवर न दिसणारे खळगे पडतात. काही आठवड्यांनी येणारी घरघर ही त्याचीच असते. पुली काढताना पुलर वापरावा आणि बसवताना शाफ्टच्या टोकाच्या आट्यांत बोल्ट घालून ती ओढून घ्यावी. मोटर सरकपट्ट्यांवर बसवल्यानंतर दोन्ही पुल्यांच्या कडांवर दोरा ताणून धरा. तो चारही ठिकाणी टेकला पाहिजे. चारपैकी एक पाय अधांतरी असेल तर बोल्ट आवळताना मोटरीची बॉडीच पिळली जाते, त्यामुळे त्या पायाखाली पत्र्याची पट्टी घालूनच बोल्ट आवळावा. दोन्ही बाजूंनी झाकलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरण्याचा खटाटोप करू नये. ते आयुष्यभरासाठी भरलेले असते.

चक्कीवाला :

सर्वांचे आभार. रिलेच्या पुढे 6 अँपिअर मिळाले आणि रिलेवर 9 ते 14 हीच रेंज छापलेली आहे. व्होल्टेजचा असमतोल मोटर बंद असताना जवळजवळ नाहीसा होतो. मेन स्विचच्या मधल्या फेजच्या कटआउटचे (फ्यूजच्या खोबणीचे) चिमटे काळे पडलेले आढळले. आता शेवटचा प्रश्न : जुनीच मोटर रिवाइंडिंग करून घ्यावी की नवीन घ्यावी? गिरणी रोज साधारण सहा तास चालते.

देखभाल विभाग :

वर्षाला तीनशे दिवस धरले तर 1800 तास होतात. तुमच्या जुन्या मोटरीची कार्यक्षमता नवी असताना फार तर 86 टक्क्यांच्या आसपास असेल, तर आयएस 12615 या भारतीय मानकानुसार साडेसात किलोवॅटच्या चार पोलच्या आयई3 (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातील) मोटरीची 90.4 टक्के असते. सत्तर टक्के भारावर हा फरक अंदाजे 0.3 किलोवॅट, म्हणजे वर्षाला पाचशेहून थोडी अधिक युनिटे होतो. तुमच्या बिलावरील दराने गुणून पाहा. नवी मोटर आणि रिवाइंडिंग यांच्या किमतीतील फरक तीन-चार वर्षांत फिटत असेल तर मी नवी घेईन. आयई3 मोटर किंचित जास्त वेगाने फिरते आणि सुरू होताना प्रवाहही जास्त ओढते. त्यामुळे जुना एमसीबी डेल्टात जाताना पडू लागला तर मोटरीला दोष देऊ नका, डी प्रकारचा, म्हणजे सुरुवातीचा जास्त प्रवाह सहन करणारा, एमसीबी लावा. स्टार जोडणीत मोटरीचा जोर एक तृतीयांशच असतो, तेव्हा सुरू करताना दगड सैल आणि होपरची झडप बंद हवी. मोटरीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग द्या.

तांब्याची तार :

एक भर घालतो. नवी घेतली तरी जुनी भंगारात देऊ नका, सवडीने रिवाइंडिंग करून राखीव ठेवा. पण जळालेले वाइंडिंग काढताना कारागीर स्टेटर उघड्या जाळावर भाजत असेल तर मोटर परत आणा, कारण त्यात पत्र्यांमधील इन्सुलेशन जळते आणि मोटर रिकामी फिरतानाही तापू लागते. पंख्याच्या जाळीवरचे पीठ आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा. राखीव मोटर वापरात आणण्यापूर्वी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासा. 5 मेगाओमच्या खाली आकडा आला तर आधी आत बल्ब लावून ओल घालवावी.