न्येरेरे: देवमाणूस खरा, पण काजूचं काय?

काजूबाग
नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांचा विषय निघाला की टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांची आरती सुरू होते. साधे, निर्लोभी, 'म्वालिमु' म्हणजे मास्तर. सगळं मान्य. पण मी वेंगुर्ल्याकडचा, काजूवर जगणारा. १९७३-७४ मध्ये टांझानियात १ लाख ४५ हजार टन काजू निघाला. १९८६-८७ मध्ये जेमतेम साडेसोळा हजार. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर (त्यांच्या समाजवादी धोरणाची घोषणा) 'उजामा', म्हणजे एकत्र कुटुंबासारखी गावं, हे धोरण आलं. आधी स्वखुशीने, १९७३ पासून सक्तीने. वाड्यावस्त्यांवरची माणसं ट्रकात घालून नव्या गावात नेली, परत जाऊ नयेत म्हणून कुठे कुठे जुनी घरं पाडली. काजूची झाडं राहिली मैलोगणती मागे. बेणणी नाही, राखण नाही. मास्तर चांगला असेल, वर्ग नापास झाला ना?

सुमेधा
काजू पिकतो त्या दक्षिणेच्या म्त्वारा-लिंडी भागाबद्दल बोलताय, तर रुवुमा नदीपलीकडे काय चाललं होतं तेही सांगा. मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांशी युद्ध, आणि लढणाऱ्यांना आसरा टांझानियाचा. सीमेवर विखुरलेली वस्ती एकत्र आणण्यामागे तेही कारण होतं. शिवाय काजूवर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, पडली. आंब्याचा मोहोर भुरीने कसा जातो ते कोकणातल्या माणसाला मी काय सांगू?

काजूबाग
ताई, भुरी तिकडे पसरली सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस. उत्पादन त्याआधीच निम्म्याखाली आलं होतं. आणि रान माजलेल्या, हवा न खेळणाऱ्या बागेत भुरी जास्तच फोफावते. जागतिक भावातला मोठा वाटा सरकारी मंडळ ठेवून घ्यायचं, ते वेगळंच. भाव नाही तर कोण कशाला बोंडं वेचायला जाईल?

जुना मास्तर
सगळा हिशेब टनात का मांडायचा? सव्वाशेच्या आसपास भाषा असलेला देश. स्वाहिलीत शाळा, स्वाहिलीत कारभार. या गृहस्थाने राष्ट्राध्यक्ष असताना शेक्सपियरचं 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणलं! शेजारी युगांडात इदी अमीन माणसं मारत होता, रुवांडा-बुरुंडीत कत्तली. टांझानियात जमातींची तशी मारामारी झाली नाही. १९८५ साली स्वतःहून अध्यक्षपद सोडलं. तेव्हाच्या आफ्रिकेत असे किती?

तिरकस
अध्यक्षपद सोडलं, पक्षाचं अध्यक्षपद १९९० पर्यंत ठेवलं. हे सोयीने गाळता. १९६२ चा कायदा विनाचौकशी डांबण्याचा. १९६५ पासून एकच पक्ष. एका पक्षात एकी असतेच हो, दुसरा बोलणारा आत असतो.

सुमेधा
त्याच १९६५ च्या निवडणुकीत एकाच पक्षाचे दोन उमेदवार समोरासमोर असत. एकाची निशाणी कुदळ, दुसऱ्याची घर. आणि मंत्री पडले! मतदाराला अगदीच बाहुलं करून ठेवलं नव्हतं.

तिरकस
कुदळ घ्या नाहीतर घर घ्या, वरचा माणूस तोच. राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एकच, त्याच्यापुढे फक्त हो की नाही.

जुना मास्तर
पण चूक कबूल करायची धमक होती. १९७६ मध्ये शेतकऱ्यांचे सहकारी संघ मोडले, त्याआधी स्थानिक स्वराज्य संस्था. या दोन्ही चुका झाल्या असं ते पुढे स्वतः म्हणाले.

काजूबाग
इथे मात्र मी थांबतो जरा. सहकारी संघ मोडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला कळतं. (आपल्या सहकाराचे घोटाळे मोजायला बसलो तर धागा पुरायचा नाही, तरी शेतकऱ्याला निदान शिव्या घालायला आपला चेअरमन असतो.) चूक कबूल केली, बरं केलं. पण तोवर बागांचं जंगल झालं होतं.

सुमेधा
आणि १९७३ ची तेलाची दरवाढ, दुष्काळ, १९७८-७९ चं अमीनशी युद्ध? की तेही न्येरेरेंनीच आणलं?

काजूबाग
नाही. पण दुष्काळात काजूचं झाड तगतं. माणूस जवळ हवा.

तिरकस
आता पीक कसं आहे तिकडे?

काजूबाग
सावरलं. भुरीवर गंधकाची भुकटी मारायला लागले, जुन्या बागा पुन्हा साफ केल्या. आपल्याकडच्या कारखान्यांत तिकडची कच्ची बी येते. सोलणाऱ्या बायकांना विचाराल तर त्या बी कुठल्या देशाची ते सांगणार नाहीत, चीक हाताला किती लागतो एवढंच सांगतील.