कातकरी वाड्यांवर मातामृत्यूबद्दल काय आणि कसं सांगावं?

सुधागडकर
दसऱ्याआधी पालीच्या आसपासच्या आदिवासी वाड्यांवर गरोदर बायांसाठी कार्यक्रम घ्यायचा आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५. या तक्त्यापासून सुरुवात करून आपल्याकडच्या भेदावर यावं का? आणखी काय सांगावं?

आरोग्यसेविका, रोहा
तक्ता वाडीवर नको. तो ग्रामसभेत आणि आरोग्य केंद्राच्या बैठकीत दाखवा. "या बाया तपासणीला येतच नाहीत" हे तिथे हमखास ऐकायला मिळतं. अमेरिकेत पदवीधर कृष्णवर्णीय बायकांनाही गोऱ्या बायकांपेक्षा धोका जास्तच आहे. म्हणजे सगळा दोष शिक्षणावर ढकलता येत नाही. बाईने त्रास सांगितला तर तो ऐकून घेतात का, हेही विचारावं लागतं. महाराष्ट्राचं मातामृत्यू प्रमाण २०१८-२० मध्ये ३३ होतं, देशाचं ९७. या चांगल्या सरासरीत वाड्या दिसतच नाहीत. म्हणून कातकरी मातांचे आकडे वेगळे मागा: बारा आठवड्यांच्या आत नोंदणी किती, चार तपासण्या पूर्ण किती, घरी बाळंतपणं किती.

दसऱ्याआधीची वेळ अगदी बरोबर निवडलीत. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि कित्येकींचे शेवटचे महिने तिथेच जातात. माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या पेटीत राहिलं की तिकडच्या नर्सला मागचं काहीच कळत नाही. निघण्याआधी कार्डाचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये घ्या, आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल नोंदणीतला तिचा क्रमांक) ठळक लिहून द्या आणि भट्टीचं गाव व मुकादमाचा नंबर आशाताईंच्या वहीत उतरवा.

लॅबवाला
नुसत्या डोळ्यांच्या पापण्या बघून रक्त ठरवू नका, हिमोग्लोबिन मोजा. ११ च्या खाली कमी, ७ च्या खाली असेल तर थेट रुग्णालय. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, १८० दिवस. ७ ते १०.९ असेल तर रोज दोन. गोळ्या फेकल्या जातात त्या मळमळ आणि काळ्या शौचामुळे. शौच काळं होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवा. रात्री जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर.

सिकलसेलची (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणीही करा. बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही लगेच.

सुधागडकर
कागदपत्रं नसलेल्यांचं काय?

आरोग्यसेविका, रोहा
जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. बँकेचं खातं किंवा दाखला नसेल तर बाळंतपणाचं रोख अनुदान अडकतं, उपचार अडवता येत नाहीत. हे वाक्य पुरुषांनाही पाठ करायला लावा, दारात बोलायची वेळ त्यांच्यावर येते.

धोक्याच्या खुणा चारच सांगा, पण बायांकडून वदवून घ्या: तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं, ताप, बाळाची हालचाल मंदावणं. डोकेदुखीत रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर थांबायचं नाही. बाळंतपणानंतरचा पहिला दिवस सर्वांत नाजूक. रक्त थांबत नसेल तर १०८ लगेच. पावसाळ्यात गाडी वाडीपर्यंत चढत नाही, झोळीत तास जातो. म्हणून तारखेच्या आठवडाभर आधी बाईला रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे हलवा, आणि रक्त साठा असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं ते आजच विचारून ठेवा.