परक्या शहरातली मोकळी सुट्टी आणि पायपीट : तुमचे अनुभव

मोरपंखी
काल कपाटाची चावी हरवली म्हणून नाक्यावरच्या चावीवाल्याकडे उभी होते. तो कानस घासत होता आणि मला एकदम पोर्तुगालमधलं लिस्बन आठवलं.

२०१९, २५ एप्रिल, गुरुवार. ऑफिसच्या कामाला गेले होते, आणि त्या दिवशी तिकडे सुट्टी असते हे आदल्या संध्याकाळी कळलं. १९७४ साली याच तारखेला त्यांच्याकडची हुकूमशाही पडली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली होती, त्याची सुट्टी. मला काय, फुकटचा दिवस! बूट घातले आणि निघाले.

आल्फामा या जुन्या वस्तीतल्या चढावर एका बंद दुकानाची पाटी. अक्षरं जुळवत वाचली : चावेस. खाली किल्लीचं चित्र. (ते शावेश म्हणतात.) रस्त्यात एकटीच खुदकन हसले. मग आपल्या मराठीतले पोर्तुगीज शब्द शोधायचा नादच लागला. जेवायला बसले तर मेन्यूत बटाटा, बेकरीत पाव.

तिथले फुटपाथ चुनखडीच्या छोट्या छोट्या पांढऱ्या दगडांचे, मधे काळ्या दगडांची नक्षी. चालून चालून गुळगुळीत झालेत. दुपारी जरा भुरभुर आली आणि मी उतारावर साष्टांग. एका आजींनी हात दिला, स्वतःच्या रुमालाने माझं कोपर पुसलं, जॅकेटला लावलेलं लाल फूल काढून माझ्या पर्सच्या पट्ट्यात खोचलं. बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही, मी आपली 'हो हो' करत होते. मराठीत.

तुम्हीही लिहा. काय काय बघितलं त्याची यादी नको, चाललात कसे ते सांगा.

घाटावरचा
पगार पण पोर्तुगीजच. तरीच तिथून यायला इतका वेळ लागतो.

काजूकर
@घाटावरचा 😂 काजू, लिलाव आणि बांधकामावरचं घमेलं पण त्यांचंच. आमच्या गोव्यात तर यादी संपायची नाही.

चिंगूची आई
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. इस्तंबूल. ट्रान्झिटमधले सोळा तास. गलाटा पुलावर दोन्ही कठड्यांना माणसं गळ टाकून खांद्याला खांदा लावून उभी, प्रत्येकाच्या पायाशी पाण्याची बादली. एका बादलीपाशी एक बोका असा बसलेला, जणू टोकन घेऊन आलाय. एक मासा त्याला मिळेपर्यंत मी हलले नाही. चाळीस मिनिटं! नवरा म्हणे, आया सोफिया राहिलं. राहू दे. तीळ लावलेलं कडं असतं ना, सिमित, ते खात खात नुसत्या फेरीबोटीने काडिकोयला जाऊन आलो. वीस मिनिटांत युरोपातून आशियात. शिट्टी झाली, पळते

एक_पाटील
माझा अनुभव जरा वेगळा आहे. वडील एकाहत्तर वर्षांचे, लंडनला माझ्याकडे आले होते. मला एकच सुट्टी. विचारलं, काय बघायचं? म्हणाले, १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले ते घर. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. तिथे अण्णा जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी फोटो काढायला गेलो तर 'थांब' म्हणाले.

बाहेर आल्यावर म्हणतात, आता ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालत जायचं. चारेक किलोमीटर. मी बसचं म्हटलं, तर "साहेब उपाशीपोटी अभ्यासाला जायचे, तू मला बस सांगतोस?" गेलो चालत. वाटेत तीनदा बाकावर बसले, पण प्रत्येक वेळी 'तू दमलास म्हणून' बसले.

मोरपंखी
@एक_पाटील, शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले आणि हसूही आलं. अण्णा कसे आहेत आता?

एक_पाटील
ठणठणीत. परवाच गुडघ्यांवरून मला सल्ला दिला.

सुपारी
जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्युनिकमध्ये दिवसभर इझार नदीकाठाने चाललो, पोटात दोन केळी आणि आईने बळंच बॅगेत कोंबलेला चिवडा. त्या चिवड्यावर मी आयुष्यात पुन्हा टीका केलेली नाही.

घाटावरचा
रेल्वे स्टेशनवर मिळतं की रविवारीही.

सुपारी
हे तेव्हा कुठे होतात तुम्ही?

वाचनमात्र
चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या? पातळ पोह्यांचा माझा दरवेळी आक्रसतो.

चिंगूची आई
पोहे आधी उन्हात ठेवायचे, मग मंद आचेवर. @मोरपंखी, फुलाचं काय झालं गं?

मोरपंखी
वहीत दाबून ठेवलंय. वही त्या कपाटात. आणि नवी चावी फिरत नाहीये.

काजूकर
त्यात थोडं खोबरेल सोडून बघा.