मदत हवी: मोंढ्यात आवक वाढली की वेबसॉकेट तुटायलंय, कोड १००९

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय, 'वेबसॉकेट्स' लायब्ररी वापरून (वेबसॉकेट म्हणजे सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी). जोडल्याबरोबर सर्व्हर त्या दिवसाचे आतापर्यंतचे सगळे सौदे एकाच जेसॉन (मजकुरात लिहिलेला डेटा) मेसेजमध्ये देतो, मग एकेक नवा सौदा येत राहतो.

उन्हाळाभर कुरकुर नाही. दसऱ्यानंतर नवं सोयाबीन आलं आणि रडगाणं सुरू झालं. सकाळी नीट चालतं. दुपारी लाइट जाऊन आली, प्रोग्राम परत जोडला, की लगेच तुटतं:

सेंट १००९, मेसेज टू बिग. नो क्लोज फ्रेम रिसीव्ड

एनजिनएक्स ह्या वेब सर्व्हरमध्ये 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ५० एमबी करून घेतलं, फरक शून्य. सर्व्हरवाला म्हणतो, आमचं लिमिट १६ एमबी आहे, तुमचंच काहीतरी बघा. नेटवर्कवर बघावं तर जेमतेम लाख-सव्वा लाख बाइट येतात. मित्र नोडच्या (जावास्क्रिप्ट) 'डब्ल्यूएस' लायब्ररीतून ह्याच सर्व्हरला जोडतो, त्याचं मस्त चालतं. मालक दर दहा मिनिटाला विचारायलेत, "झालं का रे?"

सेमीकोलन_हरवला: एररचा पहिला शब्द वाचा की राव. 'सेंट' लिहिलंय. म्हणजे १००९ तुमच्याच प्रोग्रामनं धाडला. सर्व्हरनं धाडला असता तर 'रिसीव्ड १००९' दिसलं असतं. ह्या लायब्ररीत कनेक्ट करताना 'मॅक्स_साइझ' (येणाऱ्या मेसेजचं लिमिट) दिला नाही तर १ एमबी धरतात, नेमके १०,४८,५७६ बाइट. नोडच्या 'डब्ल्यूएस'ला तेच १०० एमबी असतं, म्हणून मित्र सुखात. सर्व्हरचे १६ एमबी त्याच्याकडं येणाऱ्या मेसेजसाठी. तो काय पाठवतो त्याच्याशी संबंध नाही. एनजिनएक्सची ती सेटिंगही साध्या एचटीटीपी रिक्वेस्टची, वेबसॉकेटच्या मेसेजला लागत नाही.

लाखभर बाइट दिसतात ते दाबून आलेले. कॉम्प्रेशन आपोआप चालू असतं आणि लिमिट मोजतात ते उलगडल्यावर.

रात्रपाळी: मॅक्स_साइझ = नन टाका, म्हणजे लिमिटच नाही, विषय संपवा.

सेमीकोलन_हरवला: नका टाकू. आत्ताच सांगितलं ना, लाखाचे दहा लाख होतात. उद्या सर्व्हरकडून काही भलतंच आलं तर एवढ्याशा फ्रेममधून (मेसेजच्या तुकड्यातून) शेकडो एमबी उलगडतील आणि दुकानातला चार जीबीचा पीसी आडवा होईल. आधी एकदा खरा आकार मोजा, मग त्याच्या पाच-सहा पट ठेवा.

मांजराकाठचा: मेसेजमध्ये गावांची, मालाची नावं मराठीत आहेत का? पायथनचा 'जेसॉन डम्प्स' सवयीनं प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्ह सहा बाइटांच्या एस्केपमध्ये (अक्षराऐवजी त्याचा कोड) लिहितो. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं थेट साठवायची नेहमीची पद्धत) तेच तीन. 'लातूर'मध्ये पाच चिन्हं, म्हणजे सरळ १५ बाइट, एस्केप करून ३०. मी ह्याच्यात दोन दिवस घालवलेत. सर्व्हरवाल्याला 'एन्शुअर_अॅस्की' (हे एस्केप करणारी सेटिंग) फॉल्स, म्हणजे बंद, करायला सांगा.

धागाकर्ता: मंडळी, तुमचं बरोबर निघालं. मोजण्यापुरतं नन टाकलं: १३,१२,००० बाइटांच्या आसपास. तोच डेटा माझ्याकडं एस्केप न करता परत लिहिला, तर ८,९०,०००. म्हणजे नुसत्या एस्केपनं एमबीच्या पार नेलं होतं, आणि मी त्या एनजिनएक्सच्या मागं लागलो होतो!

आता मॅक्स_साइझ ८ एमबी केलाय. तीन वाजता मुद्दाम बंद करून परत जोडलं, पहिल्या झटक्यात आलं. पण दिवाळीनंतर आवक अजून वाढली तर? म्हणून सर्व्हरवाल्याला सांगितलंय की सौदे शंभर-शंभरच्या तुकड्यात द्या. एकाच मेसेजचे फ्रेम पाडून भागणार नाही, लिमिट सगळे फ्रेम जोडूनच मोजतात. मेसेजच वेगळे हवेत. त्यानं 'बघतो' म्हटलंय. बदल झाला की इथंच आकडा टाकतो.