बोगोताची आई लेकराला ‘ये’ म्हणेल की ‘या’?

चिंचगूळ : एका कोलंबियन लघुपटाची मराठी सबटायटल्स करतेय. बोगोतातलं स्वयंपाकघर, आई सात वर्षांच्या पोराच्या वाडग्यात अहियाको ओततेय (चिकन, मका आणि बटाटे घातलेलं दाट सूप) आणि म्हणते, ‘वेंगा, मिहो, कोमा.’ ‘वेन, कोमे’ असतं तर ‘ये रे बाळा, जेव’ लिहून मोकळी झाले असते. पण ही स्पॅनिशमधल्या ‘उस्तेद’ची, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ची रूपं. ‘या बाळा, जेवा’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा शेरा : ‘आई रागावलीय का?’

अडकित्ता : रागावलेली नाही. परक्याला उस्तेद आणि घरच्याला तू हा क्लासातला नियम बोगोतात चालत नाही. तिथे भावाभावांत, नवराबायकोतही उस्तेद चालतं. मूळ ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’. झिजत झिजत उस्तेद. त्याच भागात ‘सू मेर्सेद’चं ‘सुमेर्से’ झालं, तेही आज लाडानंच म्हणतात. सरळ ‘ये रे’ लिहा.

तांबडा रस्सा : का म्हणून? आमची आजी शेंबड्या नातवालाबी ‘जेवलासा न्हवं राजं?’ म्हणायची. आदर कसला, माया होती ती. ‘या’च ठेवा ताई.

शुद्धमती : बोलीतले अपवाद प्रमाण मराठीत कशाला? स्पॅनिशलाही अकादमी आहे, 1713 पासून. तिचा नियम पाहा आणि त्याप्रमाणे करा.

अडकित्ता : पाहिला. त्याच अकादमीच्या शब्दकोशात क्रियापदाच्या तक्त्यात ‘तू’च्या शेजारी ‘वोस’ची (लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘तू’ऐवजी चालतं ते) रूपंही आहेत. अकादमी निवळली, आपण अजून नाही.

बोळातला वाचक : वोसवरून आठवलं. पुण्यात सहा महिने घासून ‘वोसोत्रोस’ची (स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना म्हणायचं ‘तुम्ही’) रूपं पाठ केली आणि कंपनीनं पाठवलं ब्युनॉस आयर्सला. तिथे वोसोत्रोस कुणी बोलतच नाही, अनेकांना सरसकट ‘उस्तेदेस’. ‘तुझ्याकडे आहे’ला ‘तू तिएनेस’ही नाही, ‘वोस तेनेस’. रस्त्याला ‘काये’ म्हणालो तर ‘काशे’ म्हणून दुरुस्त केलं. कळस म्हणजे टॅक्सी ‘पकडायला’ माद्रिदी ‘कोखेर’ वापरलं. तिथे त्या शब्दाचा अर्थ काय, ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्वागतकक्षातल्या आजीबाई हसू दाबत म्हणाल्या, ‘तोमार, बाळा, तोमार.’

तांबडा रस्सा : 😂 आजी कुठल्याबी देशातली असो!

शुद्धमती : म्हणूनच प्रमाणभाषा लागते.

बोळातला वाचक : माद्रिदची प्रमाणभाषा वापरूनच तर फजिती झाली हो!

नारळीपाक : चर्चेत उशिरा आले. त्या सूपमधला बटाटा कोलंबियात ‘पापा’ (अँडीजमधल्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतला शब्द), स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी ‘पाताता’. हा पापा आणि ‘बाताता’चा संकर. बाताता म्हणजे खरं तर रताळं! पोर्तुगीजांनी तोच शब्द बटाट्याला लावला आणि तो आपल्याकडे आला. म्हणजे आपण रोज रताळ्याची भाजी खातो. आणि अननस? बऱ्याच स्पॅनिश मुलखांत ‘पिन्या’, पण अर्जेंटिनात ‘आनाना’. आपल्याला जवळचे तेच.

अडकित्ता : आणि पेरू? पेरू देशावरूनच ना?

नारळीपाक : स्पॅनिशमध्ये तो ‘ग्वायाबा’. मला तर पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नाशपाती, त्यावरून वाटतो. आकार बघा की.

शुद्धमती : आकारावरून व्युत्पत्ती? मग भोपळ्यालाही पेरू म्हणा.

बोळातला वाचक : चिलीत ‘ग्वाग्वा’ म्हणजे तान्हं बाळ, क्युबात बस. आता आकारावरून काढा व्युत्पत्ती!

चिंचगूळ : मंडळी, फाईल उद्या सकाळी द्यायचीय. शिवाय आत्ताच पुढचं दृश्य पाहिलं. बाई कुत्र्यालाही उस्तेदच म्हणतेय.

तांबडा रस्सा : मग त्यालाबी ‘या’. आमच्या वाड्यात म्हणायचेच. पण ते पेरूचं काय ठरलं?

नारळीपाक : थांबा, कोकणीत काय म्हणतात ते बहिणीला विचारते.